आप्पांचा टप

हिंजवडीची आयटी आणि लवळ्याची विद्यापीठं यांच्या मधोमध सापडलेल्या नांद्यात जमिनीला भाव आला, तेव्हा आप्पांनी रस्त्याकडेचा तुकडा एका बैठकीत देऊन टाकला. समोरचा चहाही संपला नव्हता. पोराला फॉर्च्युनर घेतली, तिचा रंगसुद्धा विचारला नाही. पण जुन्या पिकअपच्या टपाला आतून कापड कुठलं लावायचं, हा विषय दसऱ्याला निघाला तो होळीपर्यंत चालला.

असे आप्पा मुळशीत गावोगाव आहेत. अंगणात दोन नव्या गाड्या, आणि गोठ्याच्या पत्र्याखाली, म्हणजे खऱ्या मानाच्या जागी, एक जुनी. आमच्या आप्पांची टाटा मोबाईल. टेल्कोनं ही 1988 साली बाजारात आणली. सिएरा आणि सुमो नंतरच्या, त्यामुळे आप्पांच्या लेखी त्या हिच्या धाकट्या बहिणी. हिनं इंद्रायणीची पोती वाहिली, मार्केट यार्डाला टोमॅटो नेले, बँडवाले नेले, एकदा रुसलेला नवरदेवही परत आणला. टपाचं कापड तेवढं खाली आलं. मागच्या खेपेला लावलेल्या त्या कापडाच्या पाठीला पातळ फोम होता. उन्हानं आणि इथल्या पावसाळी ओलीनं त्याचं पीठ होतं, आणि पीठ काही कापड धरून ठेवत नाही. आधी टाचण्या झाल्या. मग शेजारी बसणाऱ्यानं एका हातानं टप उचलून धरायचा, असा नियम झाला. आप्पांच्या बाजूचं कापड त्यांच्या टोपीवर टेकलेलं असे. जुनी माणसं टोपी सोडत नाहीत, याचं लोकांना कौतुक.

नाना पेठेतून नमुने आले. ते पारावर मांडले गेले आणि गावकी बसली. पोरांचं मत मरून मखमल, वर चौकटीची शिलाई. "लग्नाचा मांडव हाय का?" म्हणून ती बाद. रेक्झिन पुसायला सोपं, पण उन्हात तापतं. दुधी रंग मळतो. सरपंचकीला पडलेल्या एका गृहस्थांनी निळा सुचवला; त्यात राजकारण दिसल्यानं तोही गेला. शेवटी राखाडी ठरला, जो आधीपासूनच होता. काकू एवढंच म्हणाल्या, "माझ्या लुगड्याला कधी इतका येळ लावला न्हाय."

कुशनवाला आला तो विशीतला पोरगा. त्यानं सनवायझर, दिवा, कडेचं रबर सोडवलं आणि पत्रा घासायला घेतला. आप्पा खालून सूचना देत होते. फोमचा सगळा भुगा त्यांच्यावर पडला आणि ते जेजुरीहून आल्यासारखे पिवळे झाले. पुढचं काम खरं नाजूक. सोल्युशन पत्र्याला लावायचं, कापडाच्या पाठीला लावायचं, आणि बोटाला चिकटेना इतकं सुकेपर्यंत गप्प बसायचं. मग मधून सुरुवात करून हळूहळू कडेला दाबत जायचं. घाई केली की फुगा येतो. पाच महिने रंग निवडणाऱ्या माणसाला ही दहा मिनिटं निघेनात. "आरं वाळलं, लाव की!" पोरगा शांत. "आप्पा, तुम्ही जरा भंडारा धुऊन या." मुळशीत आप्पांना असं बोलून टिकलेला हा पहिलाच.

काम मात्र झकास झालं. आरशामागं एक बारीक सुरकुती राहिली. आप्पा ती प्रत्येक पाहुण्याला स्वतःहून दाखवतात आणि पाहुण्यानं "कुठं दिसतीय?" म्हणायचं असतं. आत तंबाखूला बंदी. टोपीचं तेल लागतं म्हणून चालवताना टोपी मांडीवर.

परवा खताची पोती आणायची होती. पोत्याचा कोपरा काचेतून आत घुसेल, टपाला लागेल, म्हणून आप्पांनी भाड्यानं छोटा हत्ती सांगितला. हत्ती पुढं, पोत्यांनी वाकलेला, मागं रिकामी पिकअप, आणि आत आप्पा, बोडक्या डोक्यानं, हत्तीवाल्याला हॉर्न देत, "खड्डं बघून चालव रं, महाग खत हाय."