लिंकराव

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागते. गावोगावी असतात तसे मध्यस्थ इथंही पूर्वापार आहेत. कुणी सोयरीक जुळवतो, कुणी बैलजोडीचा सौदा करून देतो, कुणी प्लॉट दाखवत हिंडतो. त्यांच्या पंगतीत अलीकडं एक नवं पान मांडलं गेलंय, त्याचं नाव लिंकराव. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय.

लिंकराव बी.ए. आहे. पोलीस भरतीत उंची पुरली, छाती पुरली, पळण्यात वेळ पुरला नाही. मग त्यानं बसून करायचा धंदा शोधला. "सध्या काय करायलास?" असं विचारलं की तो म्हणतो, "ॲफिलिएट मार्केटिंग." त्याच्या वडलांना हे उच्चारता येत नाही, म्हणून ते पाव्हण्यांना सांगतात, "पोरगं ऑनलाइन असतंय." मुलीकडचे एकमेकांकडं बघतात. त्यांचंही पोरगं दिवसभर ऑनलाइनच असतं, फक्त ते त्याला काम म्हणत नाहीत.

धंदा तसा सोपा आहे. वस्तू दुसऱ्याची, दुकान दुसऱ्याचं, पैसा गिऱ्हाइकाचा. आपली फक्त लिंक. ती दाबून कुणी खरेदी केली की शेकडा काही रुपये आपल्याला. कपड्यालत्त्यावर बरे सुटतात, मोबाईलवर चिल्लर. ॲमेझॉननं ही पद्धत अमेरिकेत 1996 मध्ये सुरू केली, तेव्हा ते पुस्तकांचं दुकान होतं. भारतात ॲमेझॉन आलं 2013 मध्ये. हा इतिहास लिंकराव भाटानं वंशावळ सांगावी तसा सांगतो, आणि शेवटी असा काही थांबतो की वंशाचा पुढचा पुरुष तोच.

सुरुवात अर्थातच कोर्सनं झाली. झोपेतही पैसे मिळवा, असं त्या कोर्सचं म्हणणं होतं. झोपेच्या बाबतीत लिंकरावाची पूर्वतयारी होतीच. सोयाबीनच्या पट्टीतून फी भरली गेली. कोर्समधले सर भाड्याच्या गाडीला टेकून इंग्रजीमिश्रित हिंदीत बोलायचे. शेवटच्या धड्यात त्यांनी गुपित फोडलं: सगळ्यात जास्त कमिशन हाच कोर्स दुसऱ्याला विकण्यात आहे. माझं स्पष्ट मत आहे की ज्या शाळेत शेवटचा धडा 'आता शाळा विका' असा असतो, तिथून फी परत मागावी. लिंकरावानं मागितली नाही. त्यानं मेव्हण्याला कोर्स विकायचा प्रयत्न केला, आणि बहिणीचं माहेरपण त्या वर्षी लवकर आटोपलं.

मग त्यानं वस्तू निवडल्या. सरांनी निवडल्या होत्या त्याच: पावलं मोजणारं घड्याळ, कानात घालायचे इअरबड, प्रोटीनची पावडर. यातली एकही वस्तू त्यानं हातात धरलेली नव्हती, तरी प्रत्येकीवर 'मी स्वतः वापरून पाहिलंय' असा व्हिडिओ होता. रस्त्यावरच्या हॉटेलात त्यानं शेजारच्या आबांना गाठलं.

"आबा, हे घड्याळ घ्या. दिवसाची पावलं मोजतंय."

"मोजून कुनाला सांगायचीत? शेत हाय तिथंच हाय."

"तब्येतीला चांगलं असतंय."

"मंग तू कामून नाही घातलंस?"

यावर लिंकरावानं चहा मागवला.

व्हॉट्सॲपचे गावातले सगळे ग्रुप त्यानं लिंकांनी भरून टाकले. कुणाच्या निधनवार्तेखाली भावपूर्ण श्रद्धांजलीच्या रांगेत गुडघेदुखीच्या पट्ट्याची लिंक येऊन बसली. निधन गुडघ्यानं झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला हे नाव पडलं, आणि अर्ध्या ग्रुपांतून तो बाहेर पडला, म्हणजे काढला गेला.

तरी ॲमेझॉनच्या या धंद्यात एक गंमत आहे. लिंक दाबल्यापासून 24 तासांत त्या माणसानं त्याच दुकानातून दुसरं काहीही घेतलं तरी बहुतेक वस्तूंवर कमिशन मिळतं. एकदा घड्याळाची लिंक कुणीतरी दाबली आणि घड्याळ सोडून केसांचा कलप मागवला. कंपनी काय विकलं ते दाखवते, कोणी घेतलं ते दाखवत नाही. पुढं कित्येक दिवस लिंकराव गावात माणसांच्या चेहऱ्याकडं न बघता डोक्याकडं बघत हिंडत होता. सरपंचांवर त्याचा दाट संशय होता. सरपंचांनी टोपी काढली नाही, त्यामुळं तपास तिथंच खुंटला.

पुढची अडचण नियमांची. नव्या माणसाला 180 दिवसांत तीन विक्र्या दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. लिंकरावानं पहिली खरेदी स्वतःच केली. दुसरी वडलांच्या फोनवरून केली. तिसरी मेव्हण्याला शपथ घालून करवून घेतली. आपल्या लिंकवरून आपण किंवा आपल्या माणसांनी घेतलेलं मोजतच नाहीत, आणि अर्जात जी साइट किंवा चॅनल नोंदवलंय तिथंच लिंक टाकायची असते, हे सगळं नियमांत लिहिलेलं होतं. नियम लांब होते आणि 'मान्य आहे' हे बटण जवळ होतं. खातं बंद झालं. घरात तीन मोबाईल कव्हरं शिल्लक राहिली, त्यातलं एकही कुणाच्या मोबाईलला बसत नाही.

दुसऱ्यांदा अर्ज करता येतो. त्यानं केला. यावेळी मात्र एक गोष्ट त्याला जाचत होती: लिंकवर मला कमिशन मिळतं हे उघड सांगावं लागतं. कंपनीची ती अट आहेच, शिवाय केंद्र सरकारनंही 2023 च्या जानेवारीत जाहिरातबाजीबद्दल तसंच बजावलंय. "सांगितल्यावर कोन घेईल?" हा त्याचा सवाल. त्याचे वडील आयुष्यभर परभणीच्या मोंढ्यात माल नेणारे. ते म्हणाले, "आरं, अडत्या पट्टीवर अडत, हमाली, तोलाई सगळं लिहून देतो. तरी मी त्याच्याचकडं माल घालतो. कामून? वजनात मारत नाही म्हून." 2016 साली भाजी-फळांची अडत शेतकऱ्याच्या डोक्यावरून खरेदीदाराच्या डोक्यावर गेली तेव्हाही अडत्या काही लपून बसला नव्हता. कोर्समधल्या सरांनी इतक्या तासांत जे शिकवलं नाही ते वडलांनी बैलाला पेंड टाकता टाकता सांगितलं, तेही फी न घेता.

लिंकरावाला ते पटलं असं मात्र मी म्हणणार नाही. झालं इतकंच की घरी बॅटरीवरचा फवारणी पंप आणला, आणि त्याच्याजवळ त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. त्यानं कपाशीत उभं राहून व्हिडिओ काढला. नोझल मध्येच चोंदलं, पट्टा खांद्याला काचला, तेही त्यात आलं. मागून वडलांचा आवाज आहे: "आरं बोलत काय बसलास, ती ओळ सुटली." केस विंचरलेले नाहीत, मागं संगीत नाही. सरांच्या हिशेबानं हा त्याचा सगळ्यात वाईट व्हिडिओ. पण त्याच्याच खाली लोकांनी विचारलं, एका चार्जिंगमध्ये किती टाक्या होतात, पट्टा बदलून मिळतो का. आणि विचारून काहींनी पंप घेतलेही. पावसाळा सरता सरता ताडपत्रीची पाळी आली. आता तो ताडपत्री पाण्याची बादली ओतून दाखवतो. एक गळाली, ती गळते असं सांगून त्यानं लिंक दिलीच नाही. त्या दिवशी रात्री त्याला झोप लागली नाही म्हणतात.

मिळकत अजून चहापाण्यापुरतीच आहे, आणि कपाशीतली सुटलेली ओळ त्यालाच फवारावी लागते. मुलीकडच्यांना वडील अजूनही "ऑनलाइन असतंय" एवढंच सांगतात. पण चांगला पोरगा आहे. तेव्हा पंप नाहीतर ताडपत्री घ्यायचीच असेल तर त्याच्या लिंकवरून घ्या. मात्र लिंक दाबून उद्या-परवा बघू म्हणू नका, 24 तासांच्या आत मागवा. आणि आलेली वस्तू उगाच परत करू नका. वस्तू परत गेली की त्याचं कमिशनही परत जातं.