खुडूक कोंबडीचे प्रशासन : झाडीपट्टीतील गृहस्थांसाठी काही निर्देश

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत वाघाच्या व्यवस्थापनावर विपुल शासकीय साहित्य उपलब्ध असून, ताडोबाला 1955 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यापासून त्यात सतत भरच पडत आली आहे. परंतु त्याच परिसरातील सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, तणसाच्या ढिगावर ठाण मांडून जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताला चोच मारणाऱ्या प्राण्याविषयी गृहस्थाच्या हाती एकही परिपत्रक पडत नाही. ती उणीव येथे अंशतः भरून काढली आहे.

अंडी घालणे थांबवून ती उबवण्याच्या निश्चयाने बसून राहणाऱ्या कोंबडीस खुडूक म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात स्रवू लागले, की कोंबडी पिसे फुलवते, घशातून खुडखुड आवाज काढते आणि बहुधा दिवसातून एकदाच उठून दाणापाणी व साठवलेल्या विष्ठेचा निचरा एकाच फेरीत उरकते. त्या विष्ठेच्या दर्पाचे वर्णन शास्त्रीय ग्रंथातही टाळलेलेच बरे. पोटाखाली अंडी असलीच पाहिजेत, अशी तिची अट नसते. रिकाम्या जागेवरही ती तितक्याच निष्ठेने बसते, आणि कामाअभावी खुर्ची सोडण्याची प्रथा अन्यत्रही नसल्यामुळे तिला एकटीला दोष देता येत नाही.

पहिला निर्णय हंगामाचा. गर्भाच्या वाढीस सुमारे 37.5 अंश सेल्सियस तापमान लागते, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जात असल्याने त्या काळात कोंबडीने ऊब द्यावी की सावली धरावी, हा प्रश्न रास्त ठरतो. खरी हानी मात्र ती बसण्यापूर्वीच होते: घरात साठवलेल्या अंड्यांतील गर्भ उकाड्याने वेळेआधीच, अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून उन्हाळ्यात खुडूक मोडावी आणि हिवाळ्यात बसवावी, हे धोरण युक्त होय. कोंबडीला ते मान्य असल्याचा पुरावा नाही.

मोडण्याच्या उपायांत पाण्यात बुचकळणे, नाकपुडीत पीस अडकवणे इत्यादी पारंपरिक प्रयोग येतात, ज्यांतून कोंबडीचा निश्चय ढळण्यापेक्षा करणाऱ्याचे मनगट सोलण्याचा संभव अधिक. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे सर्वमान्य आहे. परंतु कोंबडी टोपल्याखाली झाकली म्हणजे तिचे खूळ उतरते, असे मानणारे अद्याप आढळतात. वस्तुतः अंधार आणि ऊब यांनी खुडूकपणा बळावतो. उलट, सावलीतच पण उजेडात, खालून वारा खेळेल अशा फटींच्या पिंजऱ्यात, तणसाविना आणि भरपूर दाणापाणी देऊन तिला काही दिवस ठेवल्यास पोटाखालची ऊब उतरते आणि ती माघार घेते. ही माघार तात्पुरती समजावी.

बसवायची असल्यास मध्यम आकाराच्या देशी कोंबडीखाली 10 ते 12 अंडी पुरेत. अधिक ठेवल्यास कडेची थंड पडतात, आणि ती आळीपाळीने कडेला जात असल्याने हाव सर्वांनाच बाधते. सातव्या रात्री विजेरीपुढे अंडे धरले असता लाल शिरांचे जाळे दिसल्यास ते सजीव समजावे. न दिसल्यास अंडे काढून घ्यावे, कारण सडून फुटलेल्या एका अंड्याचा निषेध सारे घर नोंदवते. मुंगूस, साप आणि रानमांजर यांना अर्ज न करताही प्रवेश मिळत असल्याने रात्री खुराड्याचे दार लावणे अनिवार्य आहे. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले निघतात. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती पहिला दीड-दोन दिवस निभावतात, म्हणून लगेच तांदळाची कणी घेऊन धावणाऱ्या आजीस सौजन्याने थांबवावे, शक्य असल्यास.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या व्यापारी जातींतून हा गुण निवडीने जवळजवळ काढून टाकण्यात आल्याने त्यांच्या अंड्यांस उबवणी यंत्र लागते. देशी कोंबडी वीज गेली तरी चालू राहते, आणि परकी अंडीही नाकारत नाही. बदकाची अंडी दिल्यास मुदत 28 दिवसांची धरावी. पुढे ती पिल्ले गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरली असता पाळीवर येरझाऱ्या घालत आकांत करणाऱ्या मातेस पोहण्याचे तत्त्व समजावण्याच्या फंदात गृहस्थाने पडू नये.