फक्त 7 जागा शिल्लक

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि तिकडे आळंद. एवढ्या मुलखात यंदा पाऊस किती झाला यावर एकमत नाही, तूर कधी विकावी यावर तर नाहीच नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांच्या मोबाइलचं एकमत आहे. फक्त 7 जागा शिल्लक आहेत.

कशाच्या, ते तुम्हाला माहीत आहे. ऑनलाइन मार्केटिंग शिकवणाऱ्या त्या रविवारच्या वर्गाच्या. घरबसल्या, सकाळी 11 वाजता, मराठीतून. किंमत 4,999, ती खोडून 499, ती खोडून 99, आणि शेजारी हिरव्या पट्टीत 'आजच्यापुरते मोफत'. सर एका लांबलचक गाडीला टेकून उभे. (गाडी कोणाची, हे विचारायचं नसतं.) आणि खाली लाल चौकोनात थडथड उडणारा तो सात.

मी या सातावर पाळत ठेवून आहे. सोमवारी सात होते. आमच्या आळीतल्या पोराने नाव नोंदवलं, सात राहिले. त्याच्या धाकट्या भावाने नोंदवलं, सातच. उदगीरच्या मावसभावाला लिंक गेली, त्याने स्वतःचं, बायकोचं आणि मेहुण्याचं अशी तीन नावं घातली. तरी सात. शून्य वजा केलं तर संख्या बदलत नाही, हे शाळेत शिकवलं होतं. पाच माणसं वजा करूनही न हलणारी संख्या मात्र नवीन आहे. किंवा त्यांच्या हिशेबात ही पाच माणसं शून्यच असतील. मग गणित बरोबर आहे.

सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात जमिनीला सातबारा असतो, अलीकडे कर्नाटकात पहाणी असते. हा सात दोन्हीकडे चालतो.

आता जागेबद्दल तरी आम्हाला कुणी शिकवू नये. बीदरच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टॉवेल फेकून जागा धरणाऱ्यांच्या कुळातले आम्ही. टॉवेल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर पोरगं. तिघांच्या बाकावर चौघं बसले की कंडक्टर म्हणतो, 'सरिदु कूडरी', म्हणजे सरकून बसा, आणि पाचवा बसतो. पण त्या गाडीला पत्रा आहे. पत्र्याच्या आत मावतील तेवढी माणसं, बाकीची टपावर, हे आम्हाला कळतं. मोबाइलमधल्या वर्गाला पत्रा कुठला? तिथे टॉवेल टाकायचा तर कुठून? गाणगापुरात भरदुपारी माधुकरीला शेकड्यांनी माणसं झोळी घेऊन उभी राहतात, तिथल्या एकाही ओसरीवर 'फक्त 7 भाकरी शिल्लक' अशी पाटी मी वाचलेली नाही. जत्रेत हुग्गीची पंगत बसते, ती कमी पडेल अशी वाढप्याला मनातून धास्ती असते, तरी तो बोलून दाखवत नाही. आणि ज्या वर्गात एक जण बसला काय आणि 10,000 बसले काय, सरांना दूध-साखरेचासुद्धा खर्च वाढत नाही, तिथे मात्र टंचाई.

मला काळजी वाटते ती त्या सात जागा राखणाऱ्या माणसाची. कुठेतरी कोणीतरी त्यांच्यावर बसून असणार. रात्रंदिवस. पोरं येतात, नाव घालतात, आत जातात, आणि हा पुन्हा मागून सात खुर्च्या आणून मांडतो. याला सुटी नाही, जेवण नाही. याच्या घरी लग्न निघालं तर पत्रिकेवर काय छापत असेल? 'मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटे, फक्त 7 पाने शिल्लक'? मामा उशिरा पोचले तर मांडवाच्या दारात लाल चौकोन उडताना दिसायचा, आणि मामा मुळातच घाबरट, त्यांनी आहेर आधी आणि अक्षता नंतर असं करून टाकायचं. मयतीलाही हेच. खांदा द्यायला फक्त 7 जागा. घाई करा, ही संधी पुन्हा येणार नाही. शेवटचं वाक्य तेवढं खरं ठरेल. सरकारी नोकरभरतीच्या जाहिरातीत 7 जागा असतात तेव्हा त्या खरोखर 7 असतात आणि अर्ज हजारांनी येतात. तिथे कोणी लाल चौकोन उडवत नाही, गरजच नसते. म्हणजे जिथे जागा नाही तिथे आम्ही मुकाट रांगेत उभे, आणि जिथे जागाच जागा तिथे आम्हाला चेंगराचेंगरीची भीती घातली जाते, हा काय प्रकार आहे, हे त्या खुर्च्या मांडणाऱ्यालाच विचारायला हवं. पण त्याला वेळ कुठे.

असो. रविवारी 11 वाजतात. आमच्या आळीतलं पोरगं कानात बोंडं घालून माडीवर बसतं. 'काय करायलास रे?' म्हटलं तर हातानेच 'थांबा काका' करतं. पहिला दीड तास सरांची जीवनकथा. तेही तुमच्यासारखेच होते, त्यांच्याकडेही पैसे नव्हते, नातेवाइकांनी हिणवलं. मध्येच म्हणतात, 'पटत असेल तर चॅटमध्ये हो लिहा.' हो, हो, हो, असा पाऊस पडतो. उरलेल्या अर्ध्या तासात कळतं की खरं ज्ञान या वर्गात नाहीच, ते पुढच्या कोर्समध्ये आहे. 24,999 रुपये, जीएसटी वेगळा. आणि त्या कोर्सला जागा किती शिल्लक असाव्यात, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

पोराने तो कोर्स घेतला. त्यात पहिलं शिकवतात ते 'निश', म्हणजे धंद्यातला आपला कोपरा, निवडायला. तीनच चालतात म्हणे: पैसा, प्रकृती आणि प्रेम. पोराने प्रकृती घेतली. हवा सुटली तर माडीवरून उडून जाईल असं हे पोरगं, आता इन्स्टाग्रामवर लोकांना वजन कमी करायला सांगतं. या धंद्यात आधीच असलेल्या गर्दीचं काय? सर म्हणतात, 'गर्दी आहे म्हणजे मागणी आहे. इंटरनेटवर सगळ्यांना जागा आहे.'

इथे माझं डोकं फिरतं. जागा मर्यादित असते ती नेमकी इथेच, साहेब! गुगलवर शोधलं की पहिल्या पानावरच्या दहा-बारा दुव्यांपलीकडे माणूस जात नाही, आणि त्यातलेही वरचे दोन-तीनच उघडतो. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी जाहिरात मावते एक. त्या एका जागेचा लिलाव होतो, तुम्ही अंगठा वर सरकवता तेवढ्या वेळात. एकाच गिऱ्हाइकावर बोली लावणारे जितके जास्त, तितका भाव चढा. आणि नुसती बोली बघत नाहीत. तुमची जाहिरात लोक किती बघतील, किती दाबतील याचाही अंदाज धरतात. ज्याचा पाच वर्षांचा हिशेब त्या यंत्रापाशी जमा आहे त्याला तीच जागा स्वस्त पडू शकते, काल आलेल्या औरादच्या पोराला महाग. वजन कमी करण्याच्या धंद्यात तर समोर मुंबई-दिल्लीच्या कंपन्या, त्यांची रोजची जाहिरात पोराच्या बापाच्या वर्षाच्या उत्पन्नाएवढी. हे सरांना ठाऊक नाही असं समजू नका. त्यांचा स्वतःचा लाल सात याच लिलावातून आपल्यापर्यंत पोचतो आणि त्याचे पैसे ते रोज मोजतात. म्हणजे जिथे भिंत नाही तिथे सात जागा, आणि जिथे खरोखर पत्रा आहे, टपसुद्धा भरलाय, तिथे 'या, सगळ्यांना जागा आहे'.

हा धंदा आम्ही आधी पाहिला आहे. तेव्हा त्याला पाय होते. इमू! पाच-साडेपाच फूट उंच, ऑस्ट्रेलियाचा, उडता न येणारा. त्याचं अंडं गडद हिरवं, अर्ध्या किलोच्या वर. त्याचं तेल म्हणे सांधेदुखीवर, कातडं परदेशात, मांसाला मागणी. प्रत्यक्षात विकली जायची ती पिल्लं. पिल्लं घेणारा ती वाढवून पुढच्याला पिल्लं विकणार, तो त्याच्या पुढच्याला. इमू खाल्लेला माणूस तुम्ही पाहिलात? मी नाही. 2012 मध्ये तामिळनाडूत हा फुगा फुटला आणि इकडेही दाण्याला महाग झालेली ती पाखरं लोकांनी सोडून दिली. त्याच्या आगेमागे पांढरी मुसळी होती, जट्रोफा होता, 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ कोंबडी झाली. महाराष्ट्रातली डी.एड. कॉलेजंही याच माळेतली: 2010 च्या भरतीनंतर शिक्षकांच्या जागा आटल्या, तरी मास्तर बनवायचे कारखाने चालूच होते. दर वेळी रोप विकणारा सुटला, पिल्लू विकणारा सुटला, फी घेणारा सुटला. बुडाला तो शेवटचा, ज्याच्या पुढे घेणारा उरला नाही. आता विकायला पिल्लूसुद्धा लागत नाही. कोर्स करून पोरं काय विकणार? कोर्स. 'कोर्स कसा विकावा' याचा कोर्स. आणि जे बुडतं त्याला सांगायचं की तुझी मानसिकता कमी पडली, तू रोज पहाटे पाचला उठत नव्हतास. इमूवाल्यांनी निदान शेतकऱ्याला 'तुझा माइंडसेट बघ' असं ऐकवलं नव्हतं. पक्षी मेला तर पक्षी मेला म्हणायचे.

24,999 वर अठरा टक्के जीएसटी धरला की होतात 29,500 ला एक रुपया कमी. 2025-26 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये. म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास तूर. आमच्याकडे कोरडवाहू एकराला एवढी झाली तर माणूस पेढे वाटतो. बापाने जूनमध्ये पेरलेली, शेंगअळीपासून राखलेली, जानेवारीत खळ्यावर झोडलेली एक एकर तूर पोराने एका दुपारी चॅटमध्ये 'हो' लिहून दिली. आणि ही तूर साधी नाही. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती विकायची कशी, हे कोर्समध्ये आहे का? विचारलं. नाही. सर म्हणतात, वस्तूच्या मागे लागू नका, आधी पर्सनल ब्रँड उभा करा.

बीदरच्या बिदरी भांड्यांचंही तेच. जस्तात सोळाव्या हिश्श्याचं तांबं, त्यावर चांदीची तार ठोकून बसवायची, मग किल्ल्यातली जुनी माती नवसागर घालून उकळायची आणि त्यात भांडं घोळवायचं. धातू काळाकुट्ट पडतो, चांदी पांढरीच राहते. मानांकन 2006 चं. पाचशे वर्षांचा पर्सनल ब्रँड गावात बसलाय, पण त्याला रील करता येत नाही. त्यामुळे जाहिरातीला ज्याने जास्त पैसे लावले त्याची 'बिदरी स्टाईल' फुलदाणी वर, आणि मातीत हात घालणारा खाली.

त्यातून आमचं सीमाभागाचं जुनं दुखणं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आमच्या जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद आंध्रात, उरलेले आम्ही म्हैसूरला. तेव्हा टेबलावर नकाशा होता, आता मोबाइलवर आहे. सर शिकवतात: जाहिरात लावताना भाषा मराठी असेल तर राज्य महाराष्ट्र निवडा. पोराने निवडलं. आता त्याची जाहिरात पुण्यात फिरते, जिथे वजन कमी करणारे गल्लोगल्ली पडलेत, आणि भालकीतल्या मराठी माणसाला पुण्याच्या जाहिराती येतात. बीदर जिल्ह्यात मराठी माणसं राहतात हे सरांना सांगून पाहिलं. त्यांनी अंगठा पाठवला.

दिल्लीने या सगळ्यावर नियम केलेत, नाही असं नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला निघाले. ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवण्याचे 13 प्रकार त्यात मोजलेत, आणि यादीत पहिला आहे खोटी घाई: नसलेली टंचाई दाखवून माणसाला पळवणं. तक्रारीचा नंबर 1915. पोराला दिला. म्हणालं, 'काका, हेच तर आम्हाला तिसऱ्या मॉड्यूलमध्ये शिकवलंय, कसं लावायचं ते.'

नवशिक्याला गर्दीत जमतं का, असं मला लोक विचारतात. जमतं की. बसवकल्याणच्या एक काकू कारळाची आणि जवसाची चटणी करतात. पोरगी पुण्याला दिली, तिच्या शेजारणीने मागितली, मग तिच्या नणंदेने. आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर येते, डबे बसने जातात, महिन्याला घरखर्च निघतो. जाहिरात नाही, गाडीला टेकून फोटो नाही. आमच्या पोराने त्यांना गाठलं आणि सरांच्या थाटात विचारलं, 'काकू, तुमची निश कोणती?'

काकू म्हणाल्या, 'कारळाची घे. जवसाची संपली.'