वारा सुप्याचा, परिषद परगावची

पारनेर तालुक्यातल्या सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यांच्यामागचे शास्त्र आंतरराष्ट्रीय आहे: पवनऊर्जा संशोधनाची चेन्नईतली केंद्रीय संस्था 1998 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने उभी राहिली. वारा तेवढा स्थानिक. तो सामंजस्य कराराविनाच वाहतो. 2015 मध्ये पॅरिसला भारत आणि फ्रान्सने सौर आघाडी जाहीर केली, म्हणजे सूर्याचीही सोय झाली.

न्याय हा या आंतरराष्ट्रीय ऊर्जा सहकार्याचा आणि त्याच्या परिषदांचा आवडता शब्द. गावाकडे त्याचे मोजमाप सोपे आहे: शेतीपंपाला वीज कधी मिळते? पाळी रात्रीची असली, की शेतकरी बॅटरी घेऊन साप-विंचवांच्या संगतीत दारे धरतो. परिषदेत यालाच ‘मागणी व्यवस्थापन’ म्हणतात.

उपाय फार गहन नाही. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट कृषी वाहिनीत सोडायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. सुप्याशेजारचे राळेगणसिद्धी तिच्या आरंभीच्या गावांपैकी. सूर्य दिवसा उगवतो, हा निष्कर्ष धोरणापर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला.

दिवसा वीज आली, तरी पंपाखाली पाणी लागते आणि पारनेर तालुका अवर्षणप्रवण आहे. पण भूजल हे वेगळे खाते, म्हणून वेगळी परिषद.