नंबर कितवा, ते आधी दाखवा

दवाखान्यात बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच असतो: माझा नंबर कधी लागणार? समोर भिंतीवर 42 इंची पडदा असतो. त्यावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढणारे आजोबा दिसतात, रुग्णालयाला मिळालेला पुरस्कार दिसतो, संचालक मंडळ दिसतं, हेल्थ चेकअपचं सवलतीचं पॅकेज दिसतं. नंबर तेवढा दिसत नाही. तो विचारायला काउंटरवर जावं लागतं आणि तिथली मुलगी कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगते, "बसा, नाव पुकारतील."

पडदा रुग्णालयाचा असला, तरी त्याच्यासमोर तासन् तास बसतो तो रुग्ण. त्यावर काय दिसावं, हे त्याच्या गरजेवरून ठरलं पाहिजे. जाहिरात विभागाचा हक्क नंतरचा.

एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी हे जवळून पाहिलंय. टोकनचा लाल आकड्यांचा बोर्ड भिंतीवर होता. सकाळी जो आकडा होता, तोच दुपारी. आकडा पुढे ढकलायचं बटण डॉक्टरांच्या टेबलावर, आणि डॉक्टर एकटेच. एका हातात स्टेथोस्कोप, दुसऱ्या हाताने केसपेपरवर लिहिणं चाललेलं, दारापर्यंत रांग. बटण दाबणार कोण? मग दाराशी उभे असलेले मामा केसपेपरांचा गठ्ठा धरून नावं ओरडत होते. एक म्हातारी तिसऱ्यांदा आली. "मामा, माजा नंबर ग्येला तर नाय ना?" मामा म्हणाले, "आजी, बसा हो. कुठं जात नाय नंबर." ती बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बाकावर बसलं तर नाव ऐकू येणार नाही, ही भीती.

ही भीती सगळ्या ओपीडीभर असते. पाणी प्यायला गेलं तर नंबर जाईल, लघवीला गेलं तर नंबर जाईल. मधुमेहाचा रुग्ण उपाशीपोटी रक्त देऊन आलेला असतो आणि दोन तास जागचा हलत नाही. तान्ह्या बाळाची आई दूध पाजायला आडोसा शोधत नाही. 'सध्या 31 चालू, तुमचा 58' एवढं खरंखुरं दिसलं, तर हीच माणसं खाली जाऊन दोन बिस्किटं खाऊन येतील. डॉक्टर राउंडवर असतील, तर तेही लिहा. 'डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, ओपीडी साडेअकराला सुरू होईल' असं वाचल्यावर लोक कमी चिडतात. त्यांचा राग उशिरापेक्षा उशीर न सांगण्यावर असतो.

मुंबईकर लोकलच्या इंडिकेटरकडे बघून जिना उतरतो, कारण त्याला तो आकडा खरा वाटतो. दवाखान्याच्या पडद्याला हा विश्वास मिळवावा लागेल, आणि तो यंत्र विकत घेऊन मिळत नाही. टेंडर निघतं, पडदे लागतात, उद्घाटनाचा फोटो निघतो. आकडा बदलण्याचं काम मात्र कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं. प्रत्येक ओपीडीत त्या बटणाची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या. तेवढाही माणूस नसेल, तर पडद्याचे पैसे वाचवून आधी तो माणूस नेमा.

पडद्यावरचा आकडा खोटा निघाला की काय होतं, हे आपण मे 2021 मध्ये पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना न्यायमूर्तींसमोरच पुणे महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला गेला. डॅशबोर्डवर व्हेंटिलेटरच्या काही खाटा रिकाम्या दिसत होत्या. फोनवरून उत्तर आलं, खाट नाही. ज्यांनी त्या दिवसांत डॅशबोर्ड बघून रुग्णाला गाडीत घालून शहरभर फिरवलं, त्यांना यातलं वेगळं काही सांगायला नको. शिळा आकडा दाखवण्यापेक्षा पडदा बंद ठेवलेला बरा.

आता मोबाइलचं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या 'स्कॅन अँड शेअर' सुविधेत क्यूआर कोड स्कॅन केला की ओपीडीचं टोकन फोनवर येतं, केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सोय चांगली आहे, वापरावी. पण ती म्हातारी स्कॅन करणार नाही. तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवा, आणि तिचा नंबर फोनवाल्यांच्या मागे ढकलू नका.

शिवाय सगळ्यांना पडदा वाचता येतो, हे गृहीतच चुकीचं आहे. नेत्ररुग्णालयात तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या होतात, उजेड टोचतो, अक्षरं धूसर होतात. त्याच माणसाला समोरच्या झगझगीत पडद्यावर स्वतःचा नंबर शोधायला लावायचं? तिथे आकड्याबरोबर आवाज हवाच, तोही सावकाश, मराठीत, दोनदा. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटी लावायचा कायदा 2022 मध्ये कडक झाला, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. मग आत, आजारी माणसासमोर, 'कन्सल्टेशन इन प्रोग्रेस' कशाला?

आणि नाव. कित्येक ठिकाणी पडद्यावर रुग्णाचं पूर्ण नाव, पुढे वय, पुढे विभाग. मानसोपचार. वंध्यत्व. क्षयरोग. शेजारच्या बाकावर गावातलाच कुणी बसलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो, त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. टोकनचा आकडा आणि खोलीचा क्रमांक, एवढंच पडद्यावर असावं. नावाची गरज नाही.

दराचं मात्र उलट आहे. तिथे जे झाकलं जातं, ते उघडं हवं. डॉक्टरने आपली फी दवाखान्यात स्पष्ट दिसेल अशी लावावी, हे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच लिहिलंय. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांना दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्या सनदेत काय आहे, हे प्रत्येकाने वाचावं. बिलाचा वाद आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे त्यात आहे. ज्या कुटुंबावर ती वेळ येते, त्याला हे वाक्य माहीत असणं फार मोलाचं असतं. आणि ही सनद सापडते कुठे? लिफ्टच्या मागच्या भिंतीवर, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत. चकचकीत पडदा पॅकेजला, कोपरा हक्कांना! मी याला चलाखी म्हणतो.

कायद्याचा वचक असला की पाटी लागते, हेही आपल्याच डोळ्यांसमोर आहे. गर्भलिंगनिदान केलं जात नाही, हा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ठळक दिसतो, कारण तो नसेल तर कारवाई होते. दरपत्रकाबाबत तोच कडकपणा दाखवायला कुणी हात धरले आहेत?

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला 1 लाख 80 हजार, दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार. आज यातल्या किती रिकाम्या आहेत, हा आकडा प्रवेशद्वाराशी, अनामत रक्कम मागणाऱ्या काउंटरच्या डोक्यावर, ठळक दिसला पाहिजे. अनामत भरायला मंगळसूत्र काढून देणाऱ्या बाईला तो आधी दिसू दे.

सरकारी दवाखान्यांतही दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे अजून खेड्यापाड्यांत कित्येकांना ठाऊक नाही. औषधसाठ्याची नोंद ई-औषधी या प्रणालीत होते, म्हणजे कुठली गोळी आहे आणि कुठली संपली हे कॉम्प्युटरला माहीत असतं. रुग्णाला ते कळतं तासभर रांगेत उभं राहिल्यावर, खिडकीतून "हे बाहेरून घ्या" असं ऐकून. तीच यादी खिडकीशेजारी दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पडदा नसेल, तर खडू-फळा चालेल. फळ्यावर रोज तारीख बदलणारं कुणी असलं, म्हणजे झालं.

काही कंपन्या दवाखान्यांना पडदा फुकट बसवून देतात आणि त्यावर जाहिराती चालवतात. डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, असा पडदा घेऊ नका. तुमच्या भिंतीवर जे दिसतं, ते तुम्हीच सांगितलंय असं रुग्ण धरून चालतो. पावडरीचा डबा असो की तपासण्यांचं पॅकेज, तुमच्यावरच्या विश्वासापोटी तो घेतो.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की दरपत्रक कुठे लावलंय, रुग्णहक्कांची सनद कुठे आहे, हे काउंटरवर विचारा. विचारल्याने उपचार थांबत नाहीत. नसेल, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.