मॅकग्रेगरांच्या घरचं बाहेर सांगू नका

ऐकलंत ना? परदेशातल्या चांगल्या खात्यापित्या, पेन्शनीत निघालेल्या मंडळींना एक वेड लागलंय. वेड तसं जुनंच, पण आता त्याला इंटरनेटची फोडणी बसलीये. टोरांटोत, डनेडिनात, नॉर्थ कॅरोलिनात लोक रात्र रात्र जागून मेलेल्यांची चौकशी करतात. खापरपणजोबांची आई कोण, कुठल्या गावची, तिचं लग्न आधी झालं की मूल आधी झालं! हेच शेजारणीबद्दल विचारलं तर चारचौघांत शोभा होईल. दीडदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईबद्दल विचारलं की त्याला संशोधन म्हणायचं.

आणि यात सगळ्यांत अट्टल कोण, तर स्कॉटिश आडनाववाले. नावामागे 'मॅक' असला की माणूस निम्मा हातचा गेलाच समजा. आधी चौकड्यांच्या टार्टनचा मफलर येतो, मग दिवाणखान्यात ढाल-तलवारीचं चित्र लागतं, आणि हळूहळू जेवणाच्या टेबलावर 'तसे आम्ही राजघराण्यातले' सुरू होतं. स्कॉटलंडचं सरकारही मोठं धोरणी. जन्म-मृत्यू-लग्नाच्या जुन्या नोंदी त्यांनी संकेतस्थळावर टाकल्या आणि पान उघडायला पैसे ठेवले. पणजी सापडेपर्यंत खिसा मोकळा. पणजी भलतीच निघाली तरी पैसे परत नाहीत.

आता मॅकग्रेगरांचंच बघा. यांच्या कुळाचं ब्रीद काय, तर 'आमचा वंश राजाचा'. नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजापर्यंत नातं नेऊन भिडवतात. आपण म्हणावं, वा! आणि मग हळूच 1603 साल काढावं.

त्या वर्षी फेब्रुवारीत ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कोहून कुळाची अशी काही कत्तल केली की राजा जेम्स सहावा भडकला. एलिझाबेथ राणी नुकतीच वारली होती, हा लंडनच्या गादीवर बसायला निघाला होता, घरात बांधाबांध चाललेली. तेवढ्या गडबडीतही एप्रिलच्या 3 तारखेला फर्मान निघालं: मॅकग्रेगर हे नावच रद्द. लावाल तर देहदंड. माणसांना फाशी देणारे राजे पुष्कळ झाले, आडनावाला फाशी देणारा हाच म्हणायचा. पुढच्या फर्मानांनी तर कहर केला. या कुळातल्या चारांहून जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, हत्यार बाळगायचं नाही. जेवताना मांस कापायला सुरी चालेल, पण टोक मोडलेली!

त्यांचा म्होरक्या ग्लेनस्ट्रेचा अ‍ॅलिस्टर. त्याला आर्गाइलच्या उमरावानं, म्हणजे कॅम्पबेल कुळाच्या प्रमुखानं, शब्द दिला की तुला सुखरूप इंग्लंडात पोचवतो. शब्द अगदी अक्षरशः पाळला बरं का. बेरिकपाशी सरहद्द ओलांडून त्याला इंग्लंडच्या मातीवर उभा केला, तिथूनच माघारी फिरवला आणि जानेवारी 1604 मध्ये एडिंबरात फासावर चढवला. याला म्हणतात खानदानी माणूस.

मग बाकीच्यांनी काय करावं? जीव प्यारा की नाव? जो तो दुसऱ्याच्या आडनावात शिरला. कुणी मरे झालं, कुणी ड्रमंड, कुणी ग्रँट. आणि कळस ऐका, कित्येकजण चक्क कॅम्पबेल झाले! ज्या घरानं म्होरक्याला लटकावलं, त्याच घराचं नाव. सर वॉल्टर स्कॉटनं ज्याच्यावर कादंबरी लिहिली तो रॉब रॉय मॅकग्रेगरसुद्धा कागदोपत्री कॅम्पबेल, आईच्या माहेरचं नाव लावून. 1734 साली तो मेला तेव्हाही मॅकग्रेगर या नावावर बंदीच होती. म्हणजे बघा, आज मॅकग्रेगरांच्या पूर्वजांचा शोध मॅकग्रेगर या नावाखाली घ्यायला जावं तर त्या काळात तिथे कुणी सापडायचं नाही. सगळे दुसऱ्यांच्या वह्यांत जाऊन बसलेले.

ग्लेनकोच्या खिंडीत क्लॅचेग नावाची खानावळवजा सराई आहे. तिथे पितळी पाटी लावलीये: फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना प्रवेश नाही. कारण 1692 सालचं. कॅम्पबेल कप्तानाच्या हाताखालच्या सैनिकांनी मॅकडोनाल्डांच्या घरी बारा दिवस पाहुणचार झोडला आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. पाटी आता थट्टेचीच. पण मला सारखं वाटतं, ती वाचून ओशाळणाऱ्या कॅम्पबेलांत अस्सल मॅकग्रेगर किती असतील! बिचारे दुसऱ्याच्या पापाची बोलणी खातायत, आणि तीही ज्यांनी त्यांना देशोधडीला लावलं त्यांच्या पापाची.

नाव बदलण्याची ही चाल काही मॅकग्रेगरांचीच नव्हे. आपल्या ओळखीचाही एक सापडतो. साताऱ्याच्या दरबारातला रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आठवतोय? इतिहासकार राजवाड्यांसकट सगळ्यांनी ज्याच्या चुका काढल्या तो. जन्मला तेव्हा नुसता जेम्स ग्रँट होता, बॅनफ गावचा. आईकडची ईडनची जमीनजुमल्याची इस्टेट पदरात पडली आणि तिच्याबरोबर 'डफ' येऊन चिकटलं. आडनाव इस्टेटीसोबत मिळतं हे तिकडे रीतसर मानतात. आपल्याकडे दत्तक जावं लागतं, एवढाच फरक.

मॅकग्रेगर नावावरची बंदी उठली ती 1774 मध्ये. मध्ये 1661 पासून 32 वर्षं मोकळीक होती, बाकी सगळा काळ फास टांगलेला. उठल्यावर 826 जणांनी सह्या करून ठरवलं की आपला खरा प्रमुख जॉन मरे. हे मरेसाहेब ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहून आलेले, म्हणजे हातात पैसा खुळखुळणारे. कुळाचा मुख्य ठरवताना रक्त बघितलं की थैली, ते मी कशाला बोलू? आणि पिढ्यान्‌पिढ्या मरे, ड्रमंड म्हणून वावरलेल्यांतला कोण मुळात मॅकग्रेगर आणि कोण जन्माचाच मरे, हे तेव्हा कुणी तपासलं असेल असं मला तरी वाटत नाही.

मग आलं 1822. चौथा जॉर्ज एडिंबरला आला. सगळा तमाशा वॉल्टर स्कॉटनं बसवलेला. धिप्पाड ढेरपोट्या राजानं आखूड किल्ट घातला आणि थंडी वाजू नये, की आणखी काही दिसू नये, म्हणून खाली गुलाबी पायमोजे चढवले. व्यंगचित्रकारांची दिवाळी झाली. स्कॉटलंडच्या मुकुटाला पहारा द्यायला कोण उभे? मॅकग्रेगर! ज्यांचं नाव उच्चारणं गुन्हा होता, तेच आता राजाच्या दागिन्यांचे राखणदार. त्याच वर्षी यांची कुळसंस्थाही निघाली.

प्रत्येक कुळाचं वेगळं टार्टन, आणि ते प्राचीन, ही समजूतही बरीचशी या हवेतलीच. बॅनकबर्नचे विल्सन नावाचे विणकर गिऱ्हाईक बघून नमुन्यांना नावं देत होते. त्यात अ‍ॅलन आडनावाचे दोन भाऊ उगवले. आपण स्ट्युअर्ट राजपुत्र बॉनी प्रिन्स चार्लीचे नातू असं सांगत हिंडायचे. 1842 मध्ये त्यांनी टार्टनांचं भलंथोरलं पुस्तक छापलं, जुन्या हस्तलिखितावरून म्हणे. ते हस्तलिखित दाखवा म्हटलं की यांची टोलवाटोलवी. पुढे सगळी बनवाबनवी उघडी पडली, पण तोवर नमुने अंगाला चिकटले होते. आजही कित्येकजण त्या दोघा भावांच्या कल्पनाशक्तीचा किल्ट घालून लग्नाला उभे राहतात. एडिंबरच्या दुकानात तुमचं नाव नसलं तर घाबरू नका. तिथे एक यादी असते, त्यात कुठलंही आडनाव कुठल्या तरी कुळाच्या पंखाखाली सरकवता येतं. सिंगांचंसुद्धा टार्टन आहे, म्हणजे आपलीही वेळ येईल.

पण खरी मजा अजून पुढेच आहे. जरा जवळ सरका.

तिकडच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्यांचं पंचमंडळ असायचं. त्यांचं मुख्य काम देवाचं असावं असं आपल्याला वाटतं. चोपड्या उघडल्या तर निम्म्या वेळी एकच चौकशी: अमकी गरोदर आहे, बाप कोण? तिला बोलवा, त्याला बोलवा, साक्षीदार बोलवा, कोण कुणाबरोबर गवताच्या गंजीपाशी दिसलं ते लिहून घ्या. सगळं तारीखवार, सहीनिशी. मग गुन्हेगारांना रविवारी भरल्या चर्चमध्ये पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवायचं. 2021 पासून या चोपड्यांची लाखो पानं ऑनलाइन आलीयेत. नावानिशी सूची नाही, पान पान उलटावं लागतं. मला विचाराल तर यासारखं दुसरं वाचन नाही. राजघराणं शोधायला आलेले लोक इथे अडकतात ते अडकतातच.

राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्ससुद्धा सुटला नाही. 1786 च्या उन्हाळ्यात मॉकलिनच्या चर्चमध्ये जीन आर्मरच्या प्रकरणावरून पाद्री विल्यम ऑल्डनं त्याला सगळ्यांसमोर बोल लावले, एकदा नव्हे, तीन रविवार. त्याच उन्हाळ्यात त्याचं पहिलं पुस्तक छापून आलं आणि गडी रातोरात गाजला. सप्टेंबरात जीनला जुळी झाली. बोलणी खाल्ल्याबद्दल बर्न्सला बक्षीस काय मिळालं? तो अविवाहित असल्याचा दाखला! दोन वर्षांनी मात्र जीन त्याची रीतसर बायको झाली.

सरकारी नोंदी 1855 पासूनच्या. पहिल्या वर्षी कारकुनांना असा उत्साह, की जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्नाची तारीख आणि जागा, आधीची मुलं किती, जिवंत किती, मेली किती, सगळं विचारलं. वर्षभरात हात दुखले आणि 1856 पासून रकाने छाटले. ज्याचा पणजोबा नेमका 1855 मध्ये जन्मला त्याच्या नशिबाचा बाकीच्यांना अजून जळफळाट होतो. लग्नाबाहेरच्या मुलाच्या नावाखाली मात्र तसं स्पष्ट लिहायचे, अगदी 1919 पर्यंत. बापाचं नाव घालायचं तर बापानं स्वतः येऊन सही करायची. आता कोण येतंय! मग आई कोर्टात जायची, आणि तिथे शाबीत झालं की दुरुस्तीच्या वेगळ्या वहीत नाव चढायचं. चतुर संशोधक आधी तीच वही उघडतात. एक मात्र कबूल करायला हवं, तिकडच्या नोंदीत बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत टिकून असतं. आपल्याकडे लग्नात नावासकट बदलून टाकत, पणजी शोधायची कुठे?

बरं, आडनावांतच कुलंगडी दडलेली असली तर? मॅकफरसन म्हणजे पाद्र्याचा मुलगा, मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा. ब्रह्मचर्याचा नेम असलेल्या मंडळींचा वंश इतका फोफावला, यावर मी कानावर हात ठेवते.

हल्ली थुंकी डबीत घालून डीएनए तपासायला पाठवतात. त्यातूनही अब्रू जाते हो! नॉर्वेजियनांना हाकलणारा गेलिक वीर म्हणून ज्याची ख्याती, तो सोमरलेड 1164 मध्ये मेला. मॅकडोनाल्ड, मॅकडूगल, मॅकअ‍ॅलिस्टर असे सगळे त्याचे वंशज. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञानं या घराण्यांच्या प्रमुखांची गुणसूत्रं तपासली, तर बापाकडून येणारं गुणसूत्र निघालं नॉर्स वळणाचं. ज्यांना हाकललं ते घरचेच!

इतकं करून ज्यांना काहीच सापडत नाही ते जमीन विकत घेतात. पाटासुद्धा नीट मांडता येणार नाही एवढा तुकडा, आणि स्वतःला 'लेअर्ड', म्हणजे जमीनदार, म्हणवून घेतात. असले स्मरणिका-तुकडे तिकडच्या जमीन नोंदवहीत चढतच नाहीत. ढालीचं चित्र तर आणखी नाजूक प्रकरण. स्कॉटलंडात ते आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं. 1672 पासून लॉर्ड लायन नावाचा अधिकारी त्याची नोंद ठेवतो आणि दुसऱ्याची ढाल लावली तर तो कायद्यानं गुन्हा. दिवाणखान्यात टांगलेलं ते चित्र आता जरा आत हलवा.

मॅकग्रेगरांच्या तक्त्यात एक फांदी मात्र सगळेजण खालच्या आवाजात सांगतात. ग्रेगर मॅकग्रेगर, जन्म 1786. व्हेनेझुएलात जाऊन बोलिव्हारच्या फौजेत सेनापती झाला, त्याच्याच नात्यातली मुलगी केली. 1820 च्या सुमारास लंडनला येऊन सांगू लागला की मध्य अमेरिकेत पोयाइस नावाचा देश आहे आणि मी तिथला राजा. जमीन विकली, नोटा स्कॉटलंडातच छापून घेतल्या, दोन लाख पौंडांचे रोखे काढले. 250 च्या आसपास माणसं दोन जहाजांतून घरदार विकून निघाली आणि उतरली ती रानात. निम्म्याहून जास्त तापानं आणि उपासमारीनं गेली. हा पठ्ठ्या पॅरिसला जाऊन तोच देश पुन्हा विकायला बसला! शेवटी 1845 मध्ये काराकासला मेला, लष्करी इतमामात पुरला गेला. देश खोटा, नोटा खोट्या, राजेपद खोटं. याचा आजोबा बंदीच्या काळात ड्रमंड म्हणून फौजेत वावरला आणि पुढे कुळाचं नाव परत मिळवायला झटलेल्यांत होता. म्हणजे आडनाव तेवढं अस्सल.