शिकागो-दर्शन : यजमानांसाठी काही सूचना

आई-बाबा आणि त्यांच्यासोबत ‘मला परत कोण नेणार’ म्हणणारी आत्या, अशा तिघांची तिकिटं निघाली की यजमानाने पहिलं सत्य मनाशी कबूल करावं : आपण शिकागोत राहत नाही. आपण नेपरव्हिलला राहतो. शिकागो तिथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. ही बातमी विमानतळावरून घरी येताना, गाडी चालू असताना द्यावी. आधी देऊन उपयोग नसतो. सोसायटीत सगळ्यांना शिकागो सांगून झालेलं असतं.

येण्याचा महिना आपण ठरवू, असा गैरसमज नको. तो आंबा ठरवतो. हापूस संपल्याशिवाय आत्या विमानात बसत नाही आणि हापूस सोबत आणता येत नाही. ओहेअर विमानतळावर बीगल जातीची कुत्री सामान हुंगत फिरतात आणि त्यांना देवगड-रत्नागिरी वादात रस नसतो. म्हणजे जून उजाडतो. शहराला तो मानवतोही. फक्त तळ्यावरून वारा आला की तिथे गारठा पडतो, म्हणून स्वेटर घ्यायला सांगावं. तो कोणी घेणार नाही, म्हणून आपण जादा तीन घ्यावेत. जानेवारीत मात्र कुणालाही बोलावू नये. तेव्हा इथले लोक बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा राखायला रस्त्यावर मोडकी खुर्ची मांडतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या माणसाला यातला न्याय चटकन पटतो, पण तो बघायला उणे पंधरात उभं राहावं लागतं.

आता मुख्य विषय. तळं.

मिशिगन तळ्याला ‘तळं’ म्हणण्याची घाई करू नये. काठावर उभं राहिल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, वाळूवर माणसं पसरली आहेत. बाबा म्हणणार, “हा समुद्र आहे.” त्यांना आकडे द्यावेत : क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. याने त्यांचंच म्हणणं बळकट होतं. मग ते वाकून ओंजळभर पाणी चाखतील. अडवू नये. पाणी गोडं निघालं की पाच मिनिटं शांतता मिळते. त्यानंतर आत्या “भरती कधी असते?” असं विचारते आणि डोळ्यांना दिसेल अशी भरती-ओहोटी इथे नसते, हे ऐकून तिचा तळ्यावरचा विश्वास उडतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असतील, तर बाकी कार्यक्रम आखायची गरज नाही. त्यांना नदीतल्या बोटीत बसवावं. शिकागो नदी पूर्वी तळ्यात जायची, शहराचं सांडपाणी घेऊन. आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून यायचं. म्हणून १९०० साली मोठा कालवा काढून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण तळ्याऐवजी मिसिसिपीच्या दिशेने चालू लागली आणि मिसूरी राज्य कोर्टात गेलं. वरच्यांनी खालच्यांकडे काय सोडलं, हा तंटा बाबांनी नोकरीभर पाहिलेला असतो. बोटीवरची गाइड उंच इमारतींची नावं सांगत असताना ते शेजारच्या अमेरिकन बाईंना कालव्याचा उतार समजावत असतील. भाषांतर करायला जाऊ नये. दोघांचं व्यवस्थित चाललेलं असतं.

मिलेनियम पार्कातल्या चकचकीत ‘बीन’ शिल्पापाशी आत्याला सांगावं की हे करणारा अनिश कपूर मुंबईत जन्मला. “मग मुंबईत का नाही केलं?” याला उत्तर नाही. फोटो काढून पुढे निघावं.

विलिस टॉवरच्या १०३व्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेल्या काचेच्या खोक्यात उभं राहता येतं. तिकिटाची किंमत रुपयांत सांगू नये. मुळात सांगूच नये. काचेवर पाय ठेवायला बाबा नकार देतील. या इमारतीचा सांगाडा ढाक्याला जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी उभा केला, या माहितीनेही ते पुढे सरकणार नाहीत. आत्या मात्र केव्हाच जाऊन उभी असेल आणि खाली बघत विचारेल, “आपली गाडी कुठंय?”

११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंद ज्या इमारतीत बोलले, ती म्हणजे आजची आर्ट इन्स्टिट्यूट. आत जगप्रसिद्ध चित्रं आहेत, पण आपली मंडळी बाहेरच्या मिशिगन अव्हेन्यूवर ‘स्वामी विवेकानंद वे’ अशी पाटी आहे, तिच्याखाली थांबतील. आई पायातल्या चपला काढते की काय, अशी शंका येईल. हा दिवसातला एकमेव फुकट कार्यक्रम असल्याने तो लांबू द्यावा.

डेव्हन अव्हेन्यू शेवटच्या रविवारी ठेवावा. आधी नेलं तर तिथे कढीपत्ता आणि चितळ्यांची बाकरवडी बघून ‘मग आम्ही एवढं वाहून का आणलं’ हा प्रश्न निघतो आणि मुक्काम संपेपर्यंत पुरतो.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा वजनकाट्यावर चढवाव्यात. मर्यादा तेवीस किलो, काटा सव्वीस दाखवेल. बदाम काढायचे, की शेजाऱ्यांच्या नातवासाठी घेतलेले बूट, यावर तिघांची तीन मतं असतील. आपण चहा टाकायला आत जावं.